‘पोटापुरते’ : अल्पभूधारकाची शेती आणि तिची भाषा

व्यवसायाची शब्दसंपदा त्या व्यवसायातील अडचणींचीही नोंद ठेवते. लहान शेतकऱ्याच्या भाषेत ही नोंद विशेष स्पष्ट दिसते.

प्रथम ‘पोटापुरते’ हा शब्द पाहू. यातील ‘पुरता’ हे रूप लिंगवचनानुसार बदलते : घरापुरता गहू, घरापुरती डाळ, पोटापुरते धान्य. त्यामागे ‘पुरणे’ हा धातू आहे, म्हणजेच एक हिशेब आहे. तो करून पाहू. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो धान्य धरले, तर वर्षाला सुमारे सात क्विंटल लागते. कोरडवाहू रब्बी ज्वारीचे एकरी तीन-चार क्विंटल उत्पन्न बरे मानले जाते. म्हणजे दोन एकर जमीन, पाऊस वेळेवर आला तर, केवळ भाकरीपुरती. ज्वारीत करडईच्या ओळी घातल्या की तेलाची थोडी सोय होते. परंतु मीठ, कापड, औषध आणि मुलांची फी शेतात उगवत नाही.

शासकीय परिभाषेत एक हेक्टरपर्यंत जमीन असणारा तो अत्यल्पभूधारक आणि एक ते दोन हेक्टर असणारा तो अल्पभूधारक. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सुमारे ८६ टक्के वहिती खातेदार या दोन गटांत मोडतात. त्यांच्याकडील क्षेत्र मात्र ४७ टक्क्यांहून कमी आहे. ‘अल्प’ हे विशेषण येथे बहुसंख्यांना लागले आहे, हे ध्यानात घ्यावे.

मग हे शेतकरी तगले कसे? उत्तर ‘सावड’ आणि ‘इर्जिक’ या शब्दांत सापडते. एकेक बैल असलेल्या दोघांनी मिळून औत जुंपणे, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात राबणे ही सावड. इर्जिकीत अनेकांची औते एका दिवसासाठी एकाच्या शेतात येत आणि तो सर्वांना जेवू घाली. दोन्ही व्यवहारांत मजुरीचा पैसा नाही. ट्रॅक्टर तासाच्या भाड्याने येऊ लागला आणि हे शब्द तरुणांच्या बोलण्यातून ओसरले. स्वावलंबन ही एकट्या कुटुंबाची गोष्ट कधीच नव्हती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

येथे एक सावधगिरी हवी. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) वाचताना स्वयंपूर्ण खेड्याचे चित्र मोहात पाडू शकते. परंतु बलुत्याची देवाणघेवाण जातीने बांधलेली होती. ‘गावाला पुरते’ म्हणताना ज्यांच्या घरी पुरत नव्हते, त्यांचा शब्द कोशात क्वचितच येतो. शहरातून शेतीकडे वळू पाहणारे हौशी लोकही हाच भाग सहसा वगळतात.

उपक्रम : आपल्या परिसरातील साठीपुढील शेतकरी स्त्री-पुरुषांना भेटा. ‘वापसा’, ‘कणगी’, ‘उफणणी’, ‘सावड’ हे शब्द ते कोणत्या अर्थाने वापरतात, ते त्यांच्याच वाक्यांत लिहून घ्या. स्त्रियांनी सांगितलेले शब्द वेगळ्या पानावर नोंदवा. बियाणे राखेत घोळून जपण्याचे काम बहुधा त्यांच्याच हातचे असल्याने ती यादी निराळी निघेल.