नाव कोरलेला चेंडू : विवाहातील ईर्ष्येविषयी एक अभ्यास

वाचनभाग : गणना ५:११-३१; मत्तय १:१८-२५; १ करिंथ १३:४-७; २ करिंथ ११:२



लखनौच्या गोमती नगरात मूळच्या जालन्याच्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे मी पाहुणा म्हणून उतरलो होतो. पुढील प्रसंग त्या पतिपत्नींच्या अनुमतीनेच लिहीत आहे. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आटोपली होती आणि त्यांची मुलगी ‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकन व्यंगचित्रमालिका पाहत बसली होती. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या विनोदी मालिकेत होमर आणि मार्ज या दांपत्याचा संसार रंगवला आहे. हे कुटुंब रविवारी उपासनेला जाते आणि सोमवारी ऐकलेले विसरते. त्याला हसताना आपण स्वतःलाही हसत असतो.

त्या दिवशी लागलेला भाग १९९० मधील होता. त्याला त्या वर्षीचे एमी पारितोषिक मिळाले होते. होमर पत्नीचा वाढदिवस विसरतो आणि ऐन वेळी धावपळ करून बोलिंगचा चेंडू भेट म्हणून आणतो. हा जड चेंडू घरंगळत सोडून दहा खुंट्या पाडायच्या असतात. पण मार्ज हा खेळ खेळतच नाही, आणि चेंडूवर नाव कोरलेले असते होमरचे! दुखावलेली मार्ज हट्टाने खेळायला जाते. तेथे ज्याक नावाचा शिक्षक तिची विचारपूस करतो, तिची स्तुती करतो आणि तिचे मन त्याच्याकडे ओढले जाते. पुढे ज्याकने तिला दिलेला हातमोजा होमरच्या हाती लागतो. तो सर्व काही उमजतो, पण त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

इतक्यात गृहिणी म्हणाल्या, “बरं आहे, त्यानं तिच्या पर्सची झडती तरी घेतली नाही.”

खोलीत एकदम शांतता पसरली. मुलीने आवाज कमी केला. यजमान उठून गच्चीत गेले. थोड्या वेळाने मीही तेथे गेलो. पत्नी बँकेत नोकरीला लागल्यापासून तिला घरी यायला उशीर होई आणि कित्येक महिने ते तिचा फोन चोरून तपासत होते. त्यात काहीच सापडले नव्हते, तरी हात थांबत नव्हता. ते म्हणाले, “काका, परमेश्वर स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो. मग नवऱ्यानं ईर्ष्यावान असण्यात पाप ते काय?”

प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर आपण शास्त्रातच शोधू या.

१. एक शब्द, दोन वाटा

इब्री भाषेतील ‘किनआ’ हा शब्द व त्याच्या धातूपासून झालेली रूपे योसेफावर जळणाऱ्या भावांविषयी येतात (उत्पत्ती ३७:११) आणि देवासाठी पेटून उठलेल्या एलीयाविषयीही येतात (१ राजे १९:१०). ग्रीक ‘झेलॉस’ची गत तीच. प्रीतीच्या अध्यायात पौल सांगतो, की प्रीती हे करीत नाही. आणि त्याच मंडळीला दुसऱ्या पत्रात तो लिहितो, की तुमच्याविषयी माझ्या ठायी हेच आहे आणि ते देवाचे आहे. मूळ शब्द एकाच कुळातला. मराठीत मात्र संदर्भ पाहून हेवा, ईर्ष्या, आवेश, आस्था असे निरनिराळे शब्द योजावे लागतात. म्हणून केवळ शब्दावरून निवाडा करता येत नाही. ही ईर्ष्या कोठून निघते आणि तिची किंमत कोण भरतो, हे पाहावे लागते.

२. देवाची ईर्ष्या आणि आपला संशय

परमेश्वर अंतःकरण जाणतो. त्यामुळे त्याची ईर्ष्या कधीच संशयातून उपजत नाही. करार खरोखर मोडला गेला, की ती जागी होते. आपली ईर्ष्या बहुधा न जाणण्यातून उपजते. ठाऊक नसलेली जागा आपण भीतीने भरतो आणि त्या भीतीला प्रीतीचे नाव देतो.

शिवाय देवाची ईर्ष्या स्वतः किंमत मोजते. होशेय संदेष्टा देवाच्या आज्ञेवरून आपले रुपे व जव मोजून देतो आणि भरकटलेल्या पत्नीला परत आणतो (होशेय ३:१-३). वधस्तंभावर तर देवाने स्वतःचेच मोल दिले. उलट, मनुष्याची ईर्ष्या किंमत दुसऱ्याकडून वसूल करते : तिची नोकरी, तिच्या मैत्रिणी, तिची झोप.

गणनेतील ईर्ष्येचा नियम आज वाचताना आपण अडखळतो, कारण तेथे परीक्षा फक्त स्त्रीची आहे. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : संशयी पतीला स्वतःच्या हाताने शिक्षा करण्याची तेथे मुभा नाही. त्याने ते प्रकरण परमेश्वरापुढे न्यायचे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील योसेफ तर याच्याही पुढे गेला. त्याच्या दृष्टीने कारण सबळ होते, तरीही मरीयेची बेअब्रू होऊ नये हाच विचार त्याने प्रथम केला.

३. दोन रस्ते

मालिकेतील गोष्ट अशी संपते : दुसऱ्या दिवशी सकाळी होमर पत्नीला इतकेच सांगतो, की तू माझ्यासाठी सँडविच फार नीट करतेस, ते मला नेहमीच आवडत आले आहे. पुढे मार्ज गाडीने निघते. एक रस्ता ज्याकच्या घराकडे जातो, दुसरा होमरच्या कारखान्याकडे. ती पतीकडे वळते. तिला कोणी कोंडले नव्हते. अडखळत का होईना, तिचे आभार मानले गेले होते.

अर्थात, ही विनोदी मालिका आहे. तेथे अर्ध्या तासात सारे सुरळीत होते आणि होमर क्षमाही मागत नाही. आपल्या घरांत क्षमा मागावी लागते, तीही पुनःपुन्हा. होमरने पत्नीला दिलेल्या भेटीवर स्वतःचे नाव कोरले होते. संशयी मनुष्य पत्नीवरच आपले नाव कोरू पाहतो. पण ती आधीच ख्रिस्ताच्या नावाची आहे.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. संशय मारहाणीपर्यंत किंवा कोंडून ठेवण्यापर्यंत गेला असेल, तर “सहन कर” असा सल्ला मंडळीने देऊ नये. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे. त्याचा आधार घेणे अविश्वास नव्हे. मनाच्या आजारावर उपचार घेणे हेही नव्हे. याच लखनौत डॉ. ई. स्टॅन्ली जोन्स या मिशनऱ्यांनी १९५० मध्ये ‘नूर मंझिल’ हे मानसोपचार केंद्र सुरू केले, ते उगीच नाही.

त्या रात्री यजमानांनी पत्नीजवळ सारे कबूल केले. बाईंनी लगेच क्षमा केली, असे मी लिहिणार नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “मला वेळ लागेल.” तो वेळ देणे हीच आता त्यांच्या प्रीतीची परीक्षा आहे.

मननासाठी प्रश्न

१. माझ्या संशयाला खरे कारण आहे, की केवळ भीती?
२. माझ्या ईर्ष्येची किंमत घरात कोण भरत आहे?
३. जोडीदाराचे आभार मी शेवटचे कधी मानले?

प्रार्थना : हे प्रभो, तू आम्हांला पूर्ण जाणतोस आणि तरी सोडून देत नाहीस. ज्यांना आम्ही पूर्ण जाणत नाही, त्यांच्यावर विश्वास ठेवण्यास आम्हांला शिकव. आमेन.