शेतकरी स्त्री आणि मोबाईल फोन

लातूर व नांदेड हे सोयाबीन, तूर व हरभरा पिकविणारे जिल्हे होत. खुरपणी, काढणी व राशीची पुष्कळशी कामे येथे स्त्रियाच करतात. शेळ्या-कोंबड्यांची देखभालही बहुधा त्यांच्याकडेच असते. परंतु पावसाचा इशारा, आडत बाजारातील भाव आणि बँकेचा निरोप मात्र पुष्कळदा पुरुषाच्या खिशातील फोनवर येतो.

घरात फोन असणे आणि तो स्त्रीच्या हाती असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारताच्या ग्रामीण भागात केवळ ४७ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांपाशी स्वतः वापरावयाचा फोन होता. खाते स्त्रीचे, पण त्यास जोडलेला क्रमांक पुण्यास कामाला गेलेल्या मुलाचा, अशी स्थिती असल्यास शेळी विकून आलेले पैसे जमा झाले किंवा नाही, हेदेखील तिला दुसऱ्यास विचारावे लागते. स्वकष्टाच्या मिळकतीवर तिचा ताबा राहत नाही.

यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१. स्त्रीने आधार केंद्रात व बँकेत स्वतः जाऊन आपलाच क्रमांक नोंदवावा.

२. महागडा फोन नसल्यास अडत नाही. किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर साध्या फोनवरूनही मराठीत विनामूल्य सल्ला मिळतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या भगिनीही तेथे कीड-रोगासंबंधी विचारू शकतात.

३. माल विकण्यापूर्वी किमान दोन ठिकाणी भाव विचारावा. समजा, गावात क्विंटलला ४,२०० रुपये व लातूरला ४,५०० रुपये मिळतात आणि वाहतूक, हमाली व तोलाईचा खर्च १२० रुपये येतो. तर क्विंटलमागे १८० रुपये अधिक पदरात पडतात. दहा क्विंटलांवर हा लाभ १,८०० रुपयांचा होय.

४. ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी बचत गटाच्या बैठकीतच हे शिकवावे. ‘उमेद’च्या कृषी सखी व पशु सखी यांचे साहाय्य घ्यावे. नुसते सांगून भागत नाही. प्रत्येक भगिनीकडून तिच्याच हाताने एकदा क्रमांक लावून घ्यावा. घरातील पुरुषांनाही बैठकीस बोलवावे. स्त्रीस भाव वेळेवर कळला, तर होणारा लाभ साऱ्या कुटुंबाचाच असतो, हे त्यांना हिशेबाने पटवून द्यावे.