संगणकाची स्वॅप फाईल : कोठे ठेवावी, किती ठेवावी?

ईदच्या तोंडावर दुकानात गर्दी असते आणि बिल करता करता संगणक रखडू लागतो. कधी 'मेमरी कमी आहे' असा संदेश येऊन प्रोग्राम मध्येच बंद पडतो व न साठवलेल्या नोंदी जातात. दुरुस्तीवाला लगेच नवीन मशीन घेण्याचा मशवरा देतो. व्यापारी बांधवांनी पैसे मोजण्यापूर्वी स्वॅप फाईल तपासावी.

कापडाच्या दुकानावरून ही गोष्ट सहज समजेल. रॅम म्हणजे आपली गादी. तागे उलगडायचे ते इथेच. गादी भरली की सध्या नको असलेले तागे गोदामात जातात आणि मागणी आली की परत येतात. डिस्कवर यासाठी राखलेला कोपरा म्हणजे स्वॅप फाईल. विंडोजमध्ये तिला पेजिंग फाईल म्हणतात. ती सहसा सी ड्राइव्हवर लपलेली असते.

प्रथम जागेचा सवाल. पुष्कळ लोक ही फाईल सी वरून डी वर नेतात आणि वेग वाढला असे समजतात. पण सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतील तर फायदा काहीच नाही. गोदाम तेच, मध्ये फक्त भिंत घातली! उलट जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये वाचणाऱ्या हेडला दोन्हीकडे जास्त धावावे लागते. डिस्क खरोखर वेगळी असेल तरच फरक पडतो. एक एसएसडी व एक हार्ड डिस्क असेल तर फाईल एसएसडीवरच असावी. तिने एसएसडी लवकर झिजेल ही भीती दुकानाच्या कामापुरती फिजूल आहे. फाईल दुसरीकडे नेली तरी सी वर एक लहान फाईल राहू द्यावी. विंडोज कोसळल्यास त्याची नोंद लिहिण्यास ती लागते.

आता आकार. 'रॅमच्या दीडपट' हा हिशोब रॅम मोजक्या एमबीत मिळत होती त्या जमान्यातला आहे. आज गरज पाहून ठरवावे. ऐन गर्दीच्या वेळी, सर्व प्रोग्राम चालू असताना, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि त्यात मेमरी उघडावी. 'कमिटेड' या शब्दाखाली दोन आकडे दिसतील. पहिला म्हणजे प्रोग्रामांनी मागून ठेवलेली मेमरी. दुसरा म्हणजे मर्यादा, अर्थात रॅम अधिक स्वॅप फाईल. पहिला दुसऱ्याला भिडला की प्रोग्राम बंद पडू लागतात. म्हणूनच ही फाईल काढून टाकण्याचा सल्ला मानू नये.

समजा रॅम ८ जीबी आहे आणि गर्दीत पहिला आकडा ११ पर्यंत जातो. म्हणजे ३ जीबी कमी पडतात. थोडी सूट ठेवून सुरुवातीचा आकार ४०९६ एमबी व कमाल ८१९२ एमबी द्यावा. डिस्कवर तेवढी जागा मोकळी हवी. माझ्या मते ज्यांना ही मोजदाद जमणार नाही त्यांनी आकार विंडोजवरच सोपवावा, ते काम ती ठीक करते. मात्र डिस्क सतत खडखडत असेल तर फाईल कितीही वाढवा, उपयोग नाही. तेथे रॅमच वाढवावी लागेल. तरीही तो खर्च नव्या मशीनपेक्षा पुष्कळ कमी असतो.

हा बदल ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली, व्हर्च्युअल मेमरी येथे होतो. त्यापूर्वी हिशोबाचा बॅकअप घ्यावा. आकडे लिहून 'सेट' दाबावे, नाहीतर ते लागू होत नाहीत, आणि मग संगणक रीस्टार्ट करावा.