रोहिलागडाच्या वाटेवरचा ‘हमिंगबर्ड’

मार्चमधल्या एका रविवारी रोहिलागडाला निघालो आणि गावाच्या अलीकडेच दुचाकीची चेन तुटली. जोडीदार मिस्त्री शोधायला गेला, मी बांधावरच्या पळसाखाली बसलो. गड राहिलाच, पण ते दोन तास सत्कारणी लागले.

(वाट सोपी : जालना, अंबड, रोहिलागड. टेकडी लहान, वर लेणी आणि खोदीव टाकी.)

‘आपल्याकडे हमिंगबर्ड दिसला’ असे फोटो मोबाइलवर फिरत असतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. त्यांतला लाल गळ्याचा, जेमतेम ३ ग्रॅमचा जीव स्थलांतरात मेक्सिकोचं आखात ओलांडतो. आपल्याकडचा असतो तो शिंजीर.

पळसावर जांभळ्या शिंजिराचा नर आला. सावलीत नुसता काळा. उन्हात मान वळवली की निळा-जांभळा झळाळायचा. लांबी १० सेंटीमीटर, चोच खाली वाकलेली. डहाळी घट्ट धरून, कधी उलटा लटकून फुलात चोच घालत होता. हीच मोठी खूण : हमिंगबर्ड हवेत तरंगत मध पितो, शिंजीर क्वचितच तरंगतो, बहुधा बसूनच पितो. मादी वरून तपकिरी, खालून पिवळसर. विणीनंतर नरही तसाच दिसतो, फक्त गळ्यापासून पोटाकडे काळी रेघ उरते.

सदाफुलीसमोर हवेत थांबलेलं काही दिसलं आणि त्याला चोचीऐवजी बारीक सोंड, डोक्यावर मिशा असल्या, तर तो पक्षीच नाही. तो दिवसा उडणारा हॉक मॉथ, म्हणजे पतंग.

शेजारच्या बोरीवर घरटं होतं : कोळिष्टकांनी बांधलेली लोंबती पिशवी, बाजूला दार, दारावर इवलीशी पडवी. आणि त्यात विणलेला वेफर्सच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा. गड किती सर केले हे मोजणाऱ्यांपेक्षा आपला कचरा परत आणणारा मला खरा ट्रेकर वाटतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी नऊच्या आत जा, फुललेला पळस किंवा पांगारा गाठा आणि निदान वीस मिनिटं गप्प बसा. घरट्याजवळ मोबाइल नेऊ नका. अंडी एकटी मादी उबवते. मी दहा पावलं मागे सरकलो, तेव्हा कुठे ती आत शिरली.