लुटुपुटीची लढाई : आयोजनाची शिस्त

एअरसॉफ्ट या खेळाचा उगम १९७० च्या दशकात जपानमध्ये झाला. हुबेहूब बंदुकीसारख्या दिसणाऱ्या साधनातून ६ मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची गोळी सुटते आणि दोन संघ सैनिकी मोहिमेप्रमाणे नेमून दिलेले उद्दिष्ट गाठण्यासाठी झुंजतात. ब्रिटनमध्ये अशा खेळाचे आयोजन कसे होते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

तेथे आयोजनाचा आरंभ कायद्यापासून होतो. २००६ च्या कायद्याने खऱ्या शस्त्रासारख्या दिसणाऱ्या नकली शस्त्रांच्या विक्रीवर निर्बंध आले. त्रयस्थांच्या हानीबद्दल विमा उतरविलेल्या आयोजित खेळासाठी मात्र सवलत ठेवण्यात आली. २०१७ च्या कायद्यानुसार गोळीची ऊर्जा स्वयंचलित साधनात १.३ ज्यूल व अन्य साधनांत २.५ ज्यूल यांहून अधिक असता कामा नये. ०.२ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटल्यास तिची ऊर्जा १ ज्यूल भरते. म्हणूनच खेळापूर्वी प्रत्येक साधनातून सुटणाऱ्या गोळीचा वेग यंत्राने मोजला जातो.

अशी गोळी अंगावर लागल्यास बहुधा चटका बसण्यावरच निभावते; डोळा मात्र कायमचा जाऊ शकतो. त्यामुळे मैदानात संरक्षक चष्मा क्षणभरही उतरविता येत नाही.

ही गोळी अंगावर रंगाची खूण ठेवीत नाही आणि पंचांना प्रत्येक गोळी दिसणे शक्य नसते. गोळी लागलेल्या खेळाडूने स्वतःच हात वर करून बाद झाल्याचे सांगावयाचे असते. विमा, मोजमाप व देखरेख यांची व्यवस्था आयोजक करू शकतात. हा प्रामाणिकपणा मात्र खेळाडूंनीच पाळावयाचा असतो.