जुना रोलचा कॅमेरा घेताना

आपला जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या पदरी राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्यासारखा थोर छायाचित्रकार होता. परंतु सामान्य माणसाच्या घरात कॅमेरा येण्यास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. बडोद्यास तयार होणारा 'आग्फा क्लिक-३' आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल यांनी अनेक घरांतील बारशी, लग्ने आणि सहली टिपल्या. आता उटीचा तो कारखाना बंद आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात सास्तूर परिसरातील घरे कोसळली. ती घरे पूर्वी कशी होती, हे सांगायला आज एखादा जुना फोटोच काय तो उरला असेल. फोटोचे मोल असे मागाहून कळते.

हल्ली आपल्या वर्गमित्रांत जुन्या रोलच्या कॅमेऱ्याची ओढ पुन्हा दिसते. ही आवड स्तुत्य होय. मात्र वरची चकाकी पाहून घेतलेला कॅमेरा पुष्कळदा शोभेची वस्तू ठरतो. म्हणून होतकरूंसाठी चार गोष्टी येथे मांडतो.

प्रथम रोल कोणता लागतो, ते विचारावे. 'क्लिक-३' ला १२० क्रमांकाचा रुंद रोल लागतो व त्यावर बारा चौरस चित्रे येतात. ३५ मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस चित्रे मिळतात व तो मिळणेही तुलनेने सोपे. नवशिक्याने ३५ मिलिमीटरचाच कॅमेरा घ्यावा, हे बरे. रशियन 'झेनिट-ई' किंवा जपानी 'पेन्टॅक्स के-१०००' यांचे शटर यांत्रिक असल्याने ते बॅटरीवाचूनही चालते. 'पेन्टॅक्स'मध्ये बॅटरी लागते ती केवळ प्रकाशमापकाला. 'झेनिट-ई'चा सेलेनियमचा मापक बॅटरी मागत नाही. पण वयोमानाने तो मंदावतो, तेव्हा त्याच्यावर विसंबू नये. काही जुन्या कॅमेऱ्यांना पाऱ्याची १.३५ व्होल्टची बॅटरी लागे. ती आता मिळत नाही, आणि तिच्या जागी १.५ व्होल्टची घातली तर मापक चुकीचा आकडा दाखवू शकतो.

दुसरी गोष्ट भिंगाची. भिंगाच्या मागून टॉर्चचा प्रकाश पाडून समोरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी समजावी. पावसाळ्यात कातडी पिशवीत बंद राहिलेल्या कॅमेऱ्यात ती हमखास वाढते. थोडी धूळ चालेल, बुरशी चालणार नाही. छिद्राच्या पात्यांवर तेल आले असेल, तर त्या चिकटतात. तेही पाहून घ्यावे.

तिसरी गोष्ट शटरची. मागचे झाकण उघडून, कॅमेरा उजेडाकडे धरून प्रत्येक वेगावर कळ दाबावी. मंद वेगावर शटर अडखळत असेल, तर आतील वंगण सुकले आहे. झाकणाच्या कडेचा फोम डांबरासारखा चिकट झाला असेल, तर आत उजेड शिरून रोल खराब होतो. तो फोम मात्र अल्प खर्चात बदलता येतो. घडीच्या कॅमेऱ्याचा भाता अंधारात आतून टॉर्च लावून पाहावा. भोके असतील तर ती लगेच चमकतात.

चौथी गोष्ट खर्चाची. किंमत ठरवताना रोल, धुलाई आणि छपाई यांचाही हिशेब करावा. कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो, रोल मात्र दर वेळी. म्हणून पैसे देण्यापूर्वी एक रोल चालवून धुऊन पाहण्याची सवलत मागावी. विक्रेता नाही म्हणाला, तर कॅमेऱ्यात दोष आहे असे धरूनच भाव ठरवावा.

मापक बिघडला तरी हताश होण्याचे कारण नाही. १०० वेगाच्या रोलसाठी रखरखीत उन्हात छिद्र १६ आणि शटर १/१२५ हे प्रमाण जवळपास अचूक येते. छिद्र ८ केले, तर शटर १/५०० करावे. प्रकाश तितकाच राहतो. नळदुर्गच्या तटावर दुपारी हे प्रमाण पुरेसे आहे. धाराशिव लेणीच्या आत मात्र ते उपयोगी नाही. तेथे तिकाटणे आणि काही सेकंदांचा वेळ हवा. 'क्लिक-३' तेथे हात टेकतो, कारण त्याचा शटरवेग एकच आहे.

रोल महाग असल्याने कळ दाबण्यापूर्वी आपण विचार करतो, हाच या कॅमेऱ्याचा खरा धडा. पहिला रोल आजी-आजोबांसाठी आणि गावातल्या जुन्या वाड्यासाठी ठेवावा. निगेटिव्हच्या पाकिटावर नाव, गाव आणि तारीख लिहावी. पन्नास वर्षांनी कोणीतरी ते पाकीट उघडेल, तेव्हा फोटोतील माणसे कोण होती हे सांगायला आपण तेथे नसू.