उन्हाळ्याची सुटी व गावचे वाचनालय

विदर्भातील शाळा उन्हाळ्यानंतर जूनच्या उत्तरार्धात उघडतात. तोवर दुसरी-तिसरीतील जे मूल नुकतेच जोडाक्षरे वाचू लागले होते, ते पुन्हा अडखळू लागते. ज्याच्या घरी पुस्तके आहेत त्याचे निभावते. मजुराच्या मुलाची मात्र हानी होते. कारंजा तालुक्यातील कामरगावासारख्या गावी ही हानी टाळणे बऱ्याच अंशी शिक्षकाच्या हाती आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. त्यान्वये मान्यताप्राप्त वाचनालयांना शासनाचे अनुदान मिळते. परंतु पुस्तके फाटतील, हरवतील या भीतीने बालवाङ्मय पुष्कळदा कुलपातच राहते. ही भीती अगदीच निराधार नाही. यास्तव शिक्षकाने सुटीपूर्वी मुलांना वाचनालयात न्यावे, ग्रंथपालांशी परिचय करून द्यावा व पुस्तकांविषयी स्वतः जामीन राहावे. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत पहिला मान पुस्तकाच्या उपयोगाला आहे, जतनाला नव्हे.

मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. म्हणून पुस्तकांची देवघेव सकाळीच उरकावी आणि दुपार ओसरीवरील वाचनासाठी राखावी. पुस्तक मुलाने स्वतः निवडावे. जाड पुस्तक नेऊन त्याने केवळ चित्रे पाहिली तरी रागावू नये. सुटी लागण्याच्या आदल्या दिवशी एखादी गोष्ट वर्गात अर्धीच सांगून सोडावी. उरलेली शोधण्यास मुले आपण होऊन येतात. आजोळी जाणाऱ्यास एक पुस्तक अधिक द्यावे. वाचलेल्यावर परीक्षा मात्र घेऊ नये; शाळा उघडल्यावर ज्याला सांगावेसे वाटेल त्याला सांगू द्यावे.